गाडी विजेची, हिशोब आपला

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून ‘बायांची बैठक’ या कार्यक्रमात झालेलं भाषण)

शेतातून येऊन हातपाय धुतले असतील, चुलीवर भात चढवला असेल, त्यांनी रेडिओ जरा जवळ घ्या. आणि घरात लेकरांची वही-पेन असेल तर तेही घ्या. आज थोडे आकडे सांगणार आहे. घाबरू नका. बचत गटाच्या पासबुकाचा हिशोब जिला कळतो, तिला हेही कळेल.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्या गावापासून चंद्रपूर शहर 35 किलोमीटर. अकरा जणींचा आमचा गट. तांदळाचे पापड, मिरचीपूड, मोहफुलाचे लाडू असं आम्ही करतो आणि शहरात नेऊन विकतो. मागच्या वर्षी आमच्या बैठकीत एक विषय आला आणि तीन बैठका त्याच्यावरच गेल्या. गटातल्या एका ताईंची मुलगी गाडी चालवायला शिकली, तिनं लायसन काढलं. ती म्हणाली, “मावशी, मला विजेवरची कार घ्यायची आहे. प्रवासी नेईन, तुमचा मालही नेईन. बँक कर्ज देते, पण सुरुवातीची रक्कम कमी पडते. ती गटानं मला कर्जाऊ द्यावी.”

पोरगी हुशार, आई एकटी, घरी दीड एकर धान. नाही म्हणायला जीभ रेटेना. पण पैसा अकरा जणींचा. कुणी म्हणालं, विजेची गाडी म्हणजे फुकटात पळते. कुणी म्हणालं, छे, त्या पेट घेतात. एक आजी म्हणाल्या, “अगं, धूर नाही म्हणता, मग ही वीज काय ढगातून पडते का?” मैत्रिणींनो, आजींचा हा प्रश्न मला सगळ्यांत खरा वाटला. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी पैशाचं बोलू.

लिहून घ्या. लहान पेट्रोल कार आपल्या रस्त्यांवर लिटरला 15 किलोमीटर जाते असं धरा. पेट्रोल 105 रुपये धरा. म्हणजे किलोमीटरला 7 रुपये. आता विजेची लहान कार. मीटरवर एक युनिट पडलं की ती साधारण 6 किलोमीटर जाते. युनिटचा दर 12 रुपये धरा. म्हणजे किलोमीटरला 2 रुपये. तुमचा दर कमी-जास्त असेल, तो बिलावर पाहा आणि माझ्या 12च्या जागी तो घाला. आमच्या हिशोबात एका किलोमीटरमागे 5 रुपये वाचले.

एवढं ऐकून आमच्या अर्ध्या बाया म्हणाल्या, घेऊन टाका. पण थांबा. आम्ही ज्या दोन गाड्यांचे भाव काढले, त्यांत विजेची गाडी सुमारे 3 लाखांनी महाग होती. हे 3 लाख त्या 5-5 रुपयांतून भरून काढायचे आहेत. गाडी रोज 20 किलोमीटर फिरली आणि वर्षात 300 दिवस चालली, तर होतात 6,000 किलोमीटर. बचत 30,000 रुपये. म्हणजे 3 लाख फिटायला 10 वर्षं. तोवर बॅटरीच म्हातारी होईल! पण तीच गाडी रोज 80 किलोमीटर फिरली तर वर्षाला 24,000 किलोमीटर आणि बचत 1 लाख 20 हजार. मग तेच 3 लाख अडीच वर्षांत फिटतात. जादाच्या रकमेवर व्याज लागतं ते धरून तीन वर्षं म्हणा.

समजलं का? तीच गाडी एकीला तोट्यात घालते आणि दुसरीला तारते. फरक आहे तो रोजच्या किलोमीटरचा. जी गाडी दारात उभी राहणार, लग्नकार्याला आणि जत्रेला निघणार, ती विजेची घेऊन पैसे वाचत नाहीत. जी रोज ठरलेल्या वाटेवर पळते, तिला वीज परवडते.

म्हणून आम्ही त्या पोरीला सांगितलं, आधी महिनाभर वही लिही. गावातून रोज कोण कुठं जातं, कशानं जातं, काय भाडं देतं, ते सगळं. तिनं लिहिलं. दोन शिक्षिका, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर, बँकेत काम करणारी एक सून. रोज जाणारी, महिन्याला ठरलेले पैसे देणारी माणसं. त्यात आमचा माल आणि मधल्या गावांच्या फेऱ्या. बेरीज रोज 80 किलोमीटरच्या आसपास आली. तेव्हा कुठं आम्ही ठरावावर सह्या केल्या. आता गाडी घेऊन वर्ष होत आलं. हिरव्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे विजेची आणि भाड्याची. खाजगी असती तर अक्षरं पांढरी असती.

आता वर्षभरात काय शिकलो ते सांगते. शोरूममध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं, चार्जिंग. मोबाइल कुठंही लावतो तसं गाडीचं नसतं. गाडीला 15 अँपिअरचं चांगलं सॉकेट, जाड वायर आणि पक्कं अर्थिंग लागतं. आपल्याकडे कितीतरी घरांत अर्थिंगची तार नुसती भिंतीत जाते आणि तिथंच संपते! लायसन असलेला वायरमन बोलावून ते तपासून घ्या. शॉक लागताच वीज तोडणारं यंत्र बोर्डात बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावायची नाही म्हणजे नाही. साध्या सॉकेटवर गाडी रिकामी असेल तर भरायला आठ-नऊ तास लागतात, म्हणजे अख्खी रात्र. त्यासाठी घराचा मंजूर भार वाढवावा लागू शकतो. आणि घरच्या मीटरवर 100 युनिटांच्या पुढे दर चढतो, 300च्या पुढे आणखी चढतो, हे आपण सगळ्याच बिलावर बघतो. गाडी महिन्याला 2,000 किलोमीटर फिरली तर 330 युनिटं तिचीच झाली. शिवाय गाडी भाड्यानं चालत असेल तर ती घरगुती मीटरवर लावणं बरोबर नाही. गाडी चार्ज करण्यासाठी महावितरणकडून वेगळी जोडणी मिळते, तिचा दरही वेगळा असतो. आधी कार्यालयात जाऊन विचारा, मग गाडी बुक करा. आमचं उलटं झालं. गाडी आली आणि मीटर यायला वेळ लागला. तितके दिवस शहरातल्या चार्जरवर पैसे घातले. बाहेरच्या वेगवान चार्जरचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो. युनिटला 20 रुपये पडले तर किलोमीटरला सव्वातीन रुपयांच्या वर गेलात. म्हणजे तुमच्या दारात किंवा गावात चार्जिंगची पक्की सोय नसेल, तर वर केलेला हिशोब मोडला असं समजा.

दुसरं, गाडी किती चालते. कंपनीच्या कागदावरचा आकडा मोठा असतो. तो आकडा परीक्षेच्या रस्त्यावरचा. आपल्या रस्त्याला खड्डे आहेत, गाडीत पाच माणसं आणि वर पापडांची पोती आहेत. हिवाळ्यात आमची गाडी एका चार्जिंगमध्ये 160 ते 170 किलोमीटर जाते. मे महिन्यात, एसी लावून, 140 गेली तरी बरं. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! पारा 45च्या वर जातो आणि तिथंच मुक्काम करतो. उष्णता बॅटरीची शत्रू आहे. म्हणून गाडी झाडाखाली किंवा मांडवात उभी करायची. उन्हातून आली की लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर निवू द्यायची. रोजच्या वापरात 20 टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही.

आणि तिसरं आम्ही अंगावर घेऊन शिकलो. मागच्या मे महिन्यात वादळ झालं, खांब पडले, गावात वीज नाही. गाडी संध्याकाळी परत आली तेव्हा बॅटरी 15 टक्के. रात्री साडेअकराला शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. सगळे गाडीकडे धावले. पोरीनं गाडी चालू केली, आकडा पाहिला आणि रडायला लागली. तेवढ्या बॅटरीवर चंद्रपूर गाठणार नव्हतं. नशीब, आशाताईंनी तेवढ्यात 102ला फोन लावला होता. गाडी आली, बाळबाळंतीण सुखरूप आहेत. पण ती रात्र आमच्यातली एकही जण विसरलेली नाही. पेट्रोलची गाडी असती तर कुणाच्या तरी मोटरसायकलमधून दोन लिटर काढून ओतलं असतं. वीज अशी ओतता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गटानं नियम केला. रात्री गाडी दारात लागेल तेव्हा अर्ध्याच्या वर भरलेली पाहिजे. वादळवारं दिसलं की दुपारीच शहरात थोडं चार्ज करून यायचं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि गावात गाडी आहे म्हणून 102 आणि 108 विसरायचं नाही. गरोदर बाईच्या घरात हे नंबर भिंतीवर लिहिलेले असावेत.

आगीबद्दल बायका फार विचारतात. 2022च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आपण ऐकल्या. भीती खोटी नव्हती. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, पण बॅटरीची आग विझायला जास्त त्रास देते, हे लक्षात ठेवा. म्हणून झोपायच्या खोलीत, किंवा घराचं एकच दार असेल तर त्या दारात, स्कूटर किंवा तिची काढलेली बॅटरी रात्री चार्जिंगला लावू नका. स्वस्तातला दुसराच चार्जर वापरू नका. आणि कारच्या आतली नारिंगी रंगाची जाड वायर कुणी उघडायची नाही. गावातला मेकॅनिक कितीही हुशार असो, त्या वायरीत जीव घेणारा दाब असतो.

चांगलंही सांगायला हवं. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, गिअर टाकायची कटकट नाही. देखभालीचा खर्च कमी. टायर मात्र जरा लवकर झिजतात, कारण बॅटरीमुळे गाडी जड. आवाज नाही, धक्के नाहीत. पाठीचं दुखणं असलेल्या आमच्या आजी म्हणतात, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. पण तो नसलेला आवाजच धोक्याचाही आहे. रस्त्याच्या कडेनं सरपण घेऊन जाणाऱ्या बाईला मागून गाडी आलेली कळत नाही. म्हणून आमची पोरगी गावात शिरताना हळू चालवते आणि हॉर्न देते.

आता आजींचा प्रश्न. वीज काय ढगातून पडते का?

नाही आजी. आपल्या देशातली चारातली जवळजवळ तीन भाग वीज अजून कोळशातून येते. आणि तो कोळसा कुठं जळतो, हे चंद्रपूरच्या बाईला कुणी शिकवायला नको. राज्य सरकारच्या वीज कंपनीचं सगळ्यांत मोठं औष्णिक वीज केंद्र आपल्याच दुर्गापूर-ऊर्जानगरला आहे, 2,920 मेगावॅटचं. त्याला पाणी इरई धरणाचं. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. वाळत घातलेल्या लुगड्यावर काळी भुकटी बसते, पापड उघड्यावर वाळवता येत नाहीत, खाणीजवळच्या विहिरी आटतात. हे आपण रोज पाहतो. पुण्या-मुंबईत विजेची गाडी बिनधुराची दिसते, कारण तिचं धुराडं त्यांच्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे. ते आपल्या दारात आहे.

मग विजेची गाडी म्हणजे नुसती फसवणूक का? तसंही नाही. पुन्हा पेन घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन वायू निघतो, तोच, ज्यानं हवा तापते. 100 किलोमीटरला पेट्रोलच्या गाडीचा झाला 15 किलो. विजेच्या गाडीला 100 किलोमीटरला 17 युनिटं लागतात. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅम वायू निघतो. म्हणजे 12 किलो. 15 आणि 12. कमी आहे, पण शून्य नाही. बॅटरी आणि गाडी बनवण्याचा धूर धरूनही 2021 साली आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं भारताचा हिशोब मांडला होता. मध्यम आकाराच्या कारला त्यांनी 19 ते 34 टक्के फायदा सांगितला. कोळसा जळूनही फायदा कसा? कारण पेट्रोलचं इंजिन तेलातली तीनचतुर्थांश ताकद नुसती उष्णतेत घालवतं, आणि विजेची मोटर फारच थोडी वाया घालवते. तीन दगडांच्या चुलीत आणि सुधारित चुलीत जो फरक, तसा.

पण राखेचं काय? ती 17 युनिटं सगळी कोळशावर काढली तर दहा-बारा किलो कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख भरपूर, शेकडा तीस-चाळीस. म्हणजे शंभर किलोमीटरच्या एका फेरीमागे चारेक किलो राख. गाडी शहराची, राख आपली. म्हणून विजेच्या गाड्या वाढवा म्हणणाऱ्यांना आपण विचारायला हवं, वीज कशातून काढणार? राखेची नीट व्यवस्था कोण करणार? हे विचारण्याचा हक्क आपल्याइतका कुणालाच नाही. ग्रामसभेत विचारा, जनसुनावणी असेल तिथं जाऊन विचारा.

आपल्या हातातही एक गोष्ट आहे, सूर्य. आपल्याकडे त्याची कमी नाही! एक किलोवॅटचं सौर पॅनेल दिवसाला सुमारे 4 युनिटं देतं. तीन किलोवॅटचं 12 युनिटं, म्हणजे 72 किलोमीटर. 2024 पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरावर तीन किलोवॅट बसवायला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. अडचण अशी की कवेलूच्या छपरावर ते बसवणं अवघड, आणि गाडी दिवसा रस्त्यावर असते. पण दिवसाची जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करून घेता येते. ज्यांच्या घरावर स्लॅब आहे आणि गाडी घरच्या वापराची आहे, त्यांनी हा हिशोब जरूर करावा. अशा गाडीच्या मागे राख राहत नाही.

आणखी एक बाजू, बॅटरी. तिच्यातलं लिथियम चिलीसारख्या देशात वाळवंटाखालचं खारं पाणी उपसून, उन्हात आटवून काढतात. तिथल्या लोकांचीही पाण्याची तक्रार आहे. काही बॅटरींत कोबाल्ट असतं. जगातलं निम्म्याहून खूप जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोतून येतं, आणि तिथल्या छोट्या खाणींत मुलं आणि बाया माती धुताना दिसतात. आपल्यासारख्याच बाया. म्हणून गाडी घेताना विचारा, बॅटरी कोणत्या जातीची? ‘एलएफपी’ म्हणजे लोह-फॉस्फेटची असेल तर तिच्यात कोबाल्ट नसतं. ती उष्णताही जास्त सोसते आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तीच असते.

जुनी झालेली बॅटरी भंगारवाल्याला द्यायची नाही. 2022च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करून तिची विल्हेवाट लावणं ही बॅटरी बनवणाऱ्यांची जबाबदारी आहे. जुन्या ई-रिक्षांत शिशाच्या बॅटऱ्या असतात. त्या कुणी अंगणात फोडून शिसं वितळवत असेल तर त्याला थांबवा. शिशाचा धूर लेकरांच्या मेंदूवर जातो.

गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरीचाच असतो. म्हणून हमीपत्र वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचवून घ्या. बऱ्याच कार कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर हमी देतात. पण एक प्रश्न नक्की विचारा, गाडी भाड्यानं चालवली तरी हमी तेवढीच का? बऱ्याचदा नसते. आम्ही हे विचारलं म्हणून कळलं, आणि पोरीनं दरमहा दीड हजार रुपये बॅटरीच्या नावानं गटात वेगळे टाकायला सुरुवात केली.

शेवटी, सगळ्यांनाच कार लागत नाही. 17 मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्ध तिकीट आहे. भरलेली एसटी ही कुठल्याही कारपेक्षा स्वस्त आणि माणशी कमी धुराची. 1 जून 2022 रोजी पुणे–नगर मार्गावर एसटीची विजेची ‘शिवाई’ सुरू झाली. तशी गाडी आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर मागू या. अकरा जणींच्या सहीचं पत्र डेपोला द्यायला पैसे लागत नाहीत.

तर मैत्रिणींनो, गटात कुणी विजेची गाडी घ्यायची म्हटलं, तर हो किंवा नाही म्हणायच्या आधी चार गोष्टी वहीत लिहा. रोज किती किलोमीटर? रात्री चार्जिंग कुठं? अडीअडचणीला दुसरी सोय काय? बॅटरी गेल्यावर पैसे कुठून? चारही उत्तरं सापडली तर खुशाल सह्या करा. एक जरी कोरं राहिलं तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबा.

आमच्या पोरीचा अकरावा हप्ता परवा भरला. एकही चुकलेला नाही. आज हे भाषण करायला मी केंद्रावर तिच्याच गाडीतून आले. उतरताना म्हणाली, “मावशी, बाकी काही सांगा, पण त्या रात्री मी रडले ते सांगू नका.” मी सांगितलं. कारण ते ऐकून तुमच्यातली एखादी आज रात्री गाडी भरून ठेवेल.